वस्तादांचा हात

घोंगडं पेटेना.

सर्जानं काडीवर काडी ओढली. कोपऱ्याला ज्योत लागली की लोकर नुसती आखडायची, धुमसायची आणि विझायची. जळक्या केसांचा वास नदीच्या घाटभर पसरला. शेवटी सर्जा वैतागला, "अरं घासलेट आणा की कुणीतरी!" म्हणून ओरडला आणि ओरडता ओरडता डाव्या हातानं काख कराकरा खाजवायला लागला.

"खाजवू नगंस," तालमीच्या पायरीवरून वस्ताद म्हणाले.

सर्जाचा हात जागच्या जागी थांबला. वस्तादांचा शब्दच तसा असायचा.

मी बाजूला उभा होतो. घोंगडं माझं होतं. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, सनगराकडून विणून घेतलेलं. मला तालमीत घालायला माझे वडील, आबा, आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर ते एकच होतं. ते त्यांनी माझ्या खांद्यावर टाकलं, वस्तादांच्या पाया पडले आणि उघड्या अंगानं तळावर परत गेले. आम्ही धनगर. आज या रानात तळ, उद्या त्या रानात. घराण्यात पक्क्या छपराखाली झोपायला गेलेला पहिला माणूस म्हणजे मी, बिरू. मला कुस्तीशिवाय काही सुचत नव्हतं, आणि घाटावरल्या तालमीशिवाय दुसरीकडं मला कुणी उभं करून घेतलं नसतं.

घासलेट आलं. घोंगडं एकदाचं भडकलं. वस्ताद पायरी उतरून माझ्याजवळ आले.

"म्हसोबाच्या जत्रंपातूर बघू," ते म्हणाले. "तालमीतली खाज गेली तर ऱ्हा. न्हाई गेली तर तू आपला तळावर जा, बिरू. माज्या पोरांचं मातेरं हुतंय."

"व्हय, वस्ताद," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खाज शिरली होती पावसाळा सरता सरता. आधी बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आलं. मग कमरेला, लंगोटाची गाठ बसते तिथं. मग काखेत, आणि मग सांगायची सोय नाही अशा ठिकाणी. दिवसा माणूस कसाबसा कळ काढायचा. पण अंथरुणात अंगाला ऊब आली की जे सुटायचं, ते काही विचारू नका! सगळी तालीम आपापल्या जागेवर तळमळत असायची. सकाळी जोर मारायला उतरलो की डोळे मिटत असायचे. जोड लावून खेळायला लागलो की मनगट धरलेला आणि धरवून घेतलेला, दोघंही मधेच हात सोडून खाजवत सुटायचे. ही काय कुस्ती म्हणायची?

वस्तादांचा भरवसा मातीवर होता. हौद्यातल्या तांबड्या मातीत त्यांनी हळद वाढवली, कापूर वाढवला, ताक आणि लिंबं ओतली. "ह्या मातीत रोग टिकत न्हाई," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. रोग टिकला. वाढला. आणि मग सर्जाला माझी आठवण झाली.

सर्जा तालमीतला सगळ्यात थोरला पैलवान. त्याचं घर मागच्याच गल्लीत. घरात बायको आणि नुकतं बसायला लागलेलं पोर. त्या पोराच्याही अंगावर पुरळ उठलं होतं, तळपायालासुद्धा. ते दिवसभर किरकिर करायचं आणि त्याची आई रडायची. सर्जाला राग काढायला कुणीतरी हवं होतं.

"तुमच्या मेंढरांस्नी खरूज हुती का न्हाई? खरं सांग," त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

"हुती," मी म्हणालो. "मागल्या साली."

खरं बोललो आणि तिथंच फसलो. "मंग! ह्याच्या घोंगड्यातनं आलीया!" सर्जा म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना हलल्या.

घोंगडं जळून राख झालं तरी मला बसवेना. घाटाच्या पायऱ्या उतरायचो, चढायचो. खाज अंगात होती का डोक्यात, कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता सरकारी दवाखाना गाठला.

तिथं देशिंगे मॅडम म्हणून नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी माझी बोटं फाकवली आणि भिंग लावून बघितलं.

"खरूज आहे. ही बारीक रेघ दिसते? किडा कातडीत बीळ करून बसलाय. आत अंडी घालतोय."

मला शिसारी आली. "मॅडम, मेंढराचाच किडा असंल न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"सगळीच म्हणत्यात."

"मेंढीचा किडा वेगळा. तो माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाही. हा माणसाचाच आहे. अंगाला अंग लागलं की या माणसाकडून त्या माणसाकडं जातो. तुम्ही तर दिवसभर एकमेकांच्या अंगावर! त्याला आयतं रान मिळालंय."

"मंग माजं घोंगडं?"

"त्याचं काय?"

"जाळलं काल."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "अरे, गाठोड्यात बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं असतं तरी पुरे होतं. माणसाच्या अंगाशिवाय हा किडा फार दिवस जगत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून सरळ तालमीत जावं आणि सर्जाची गचांडी धरावी असं वाटलं. पण मॅडम बोलतच होत्या.

"नीट ऐक. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेचक्यांत, एक बोटभरसुद्धा जागा सोडायची नाही. कपडे, अंथरुणं गरम पाण्यातून काढायची. ज्याला खाज आहे त्यानं लावायचं आणि ज्याला नाही त्यानंही. एक माणूस जरी राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून."

बाई नुसत्या सांगून थांबल्या नाहीत, स्वतः आल्या. पण तालमीचा उंबरा बाईमाणसानं ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या दाराबाहेर उन्हात उभ्या राहिल्या आणि आम्ही एकेक जण लाजत बाहेर जाऊन हात दाखवत होतो. वस्ताद आत हौद्याच्या कडेला अंधारात बसले होते.

"वस्ताद, तुम्हीही या," मॅडमनी दारातूनच हाक दिली.

"मला खाज न्हाई, बाई."

"नसू दे. एकदा बघू द्या."

"पोरास्नी बघा तुमी. मी मातीचा माणूस हाय, मला माती बघती."

पोरं हसली. मीही हसलो. मॅडमनी वस्तादांच्या वाटणीची बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि त्या गेल्या. ती बाटली तिथंच राहिली.

हिंदुराव वस्ताद म्हणजे काय चीज होती ते तुम्हाला सांगायला हवं. साठी उलटलेली, बायकापोरं नाहीत, तालमीतल्याच खोलीत मुक्काम. गुडघे गेले होते, बाजारातल्या कुणाकडून पुड्या आणून खायचे आणि तशाच गुडघ्यांवर पोरांना डाव दाखवायचे. आणि त्यांचे हात! जाड, करडे, सालपटं धरलेले. मातीत घासून घासून पडलेले घट्टे आहेत हे, असं सगळी पेठ म्हणायची. कुस्तीला निघालेला आमचा प्रत्येक पोरगा मारुतीच्या कोनाड्यापाशी वस्तादांचा उजवा हात धरून कपाळाला लावायचा. लढतीआधी आमचे खांदे ते स्वतः रगडायचे. पेठेतल्या बायका तान्ही लेकरं तालमीच्या दारापर्यंत आणायच्या, आणि वस्ताद दारात मांडी घालून त्यांना तेल लावायचे. सर्जाचं पोरही रोज सकाळी त्यांच्या मांडीवर असायचं.

आम्ही सगळ्यांनी औषध लावलं. अरे देवा! खाजवून खाजवून जिथं कातडं गेलं होतं तिथं असं झोंबलं, की एवढाले पैलवान हौद्याभोवती उड्या मारत होते. "आई गं, मेलो!" करून सर्जा सगळ्यांत उंच उडाला. मग चुलवाणावर कढई चढवली आणि तिच्यात सगळ्या तालमीचे लंगोट एकत्र शिजवले. आठवलं की अजून हसू येतं.

पुढचे काही दिवस बरे गेले. झोप लागली. जोर वाढले. सर्जा माझ्याशी बोलायला लागला. मी आबांना निरोपही धाडला, की जत्रेत माझी कुस्ती लागली आहे, पहिल्याच मोठ्या मैदानात, तर बघायला या.

आणि मग एका सकाळी वस्तादांनी माझे खांदे रगडून दिले, आणि चारआठ दिवसांत खांद्यावर नवं पुरळ आलं. एकट्या मलाच नाही, सगळ्यांना.

"मूळ ह्याच्यातच हाय!" सर्जा म्हणाला. त्याच्या पोराच्या अंगावर तर जखमा झाल्या होत्या. "घोंगडं जाळून काय उपेग? ह्यालाच घालवा की, वस्ताद."

वस्ताद माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "जत्रा हुंदे," ते म्हणाले. "तेवढी कुस्ती खेळ, आन् मंग जा बाबा तू."

जत्रा दुसऱ्या दिवशी होती. मी पळतच दवाखान्यात गेलो.

"औषधानंतरही खाज काही दिवस रेंगाळते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी माझा खांदा उजेडाकडं वळवला. "पण हे नवं आहे. कोण राहिलं औषध लावायचं?"

"कुणी न्हाई. वस्ताद तेवढं. पण त्यास्नी खाजच न्हाई."

"अजिबात नाही?"

"अजिबात."

"त्यांचे हात कसे आहेत रे? मला त्या दिवशी अंधारात दिसले नाहीत."

मला अभिमानच वाटला. "वस्तादांचं हात? मॅडम, पंचक्रोशीत तसं हात न्हाईत! निस्तं घट्टं. झाडाच्या सालीगत. तळव्याला, कोपराला, बोटांच्या मदी सुदीक..."

"घट्टा कुठं पडतो, बिरू?"

"जिथं घासतं तिथं."

"बोटांच्या बेचक्यात काय घासतं?"

काहीच घासत नाही. काठी धरा, माती ओढा, जोर मारा, बेचक्यात काही म्हणजे काही घासत नाही.

"ते घट्टे नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू झाला होता. "तीही खरूजच. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की एखाद्याला अशी होते. खाज येतच नाही, किंवा अगदी थोडी. किडे वाढतच जातात आणि वर खपल्यांचे थर चढतात. तुमच्या अंगावर किडे असतील मोजके. त्या खपल्यांत हजारोंनी असतात. काही औषध घेतात का ते?"

"गुडघ्याच्या पुड्या."

"तरीच. अशा काही पुड्यांनी गुडघा दुखायचा थांबतो आणि अंगाची राखण झोपते." त्यांनी कपाळाला हात लावला. "त्यांना घेऊन ये. बरं होतं हे, पुरतं बरं होतं."

"मी? मी कसं सांगू मॅडम? ते हात कपाळाला लावतो आमी!"

"मला आत येता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तू आत आहेस."

परत येताना मी वाट चुकल्यासारखा फिरलो. घाटावर गेलो, बाजारात गेलो, पुन्हा घाटावर आलो. सांगावं, तर वस्तादांच्या हाताला रोग म्हणणारा धनगराचा पोरगा त्या पेठेत पुन्हा दिसला नसता. न सांगावं, तरी जायचंच होतं. मग कशाला तोंड उघडा? कुस्ती खेळू, आबांना एक डाव दाखवू आणि त्यांच्याबरोबरच तळावर जाऊ. एवढं ठरवूनच मी तालमीत परतलो.

जत्रेच्या सकाळी आम्ही नवे लंगोट चढवून मारुतीपुढं रांगेत उभे राहिलो. बाहेर हलगी वाजत होती. तेवढ्यात सर्जाची बायको पोराला घेऊन दारात आली. सर्जानं तिच्याकडून पोर घेतलं आणि दारात बसलेल्या वस्तादांच्या मांडीवर दिलं. पोर आधीच रडून लाल झालं होतं.

वस्तादांनी तेलाच्या वाटीत बोटं बुडवली. बोटं बाहेर आली आणि तेलावर पांढरी साय धरल्यासारखा कोंडा तरंगला. पोराचे तळपाय माझ्याकडं होते. त्यांच्यावर नव्या पुरळाला जागा उरली नव्हती.

"वस्ताद, हात लावू नका त्याला!"

मी बोललो हे मला सगळे वळून बघायला लागले तेव्हा कळलं.

"काय म्हनलास?" वस्तादांनी विचारलं.

"हात लावू नका. पाया पडतो तुमच्या."

सर्जानं माझं मानगूट धरलं. "कुनाला बोलतोस? कुनाला बोलतोस रं, मेंढक्या?"

"सोड त्याला," वस्ताद म्हणाले. "बोल, बिरू."

मॅडमनी सांगितलेलं सगळं तोंडात अडकलं आणि बाहेर आला तो एवढाच प्रश्न. "वस्ताद, घट्टं कुठं पडत्यात?"

"जिथं घासतं तिथं. हे इचारायला..."

"बेचक्यात काय घासतं?"

वस्तादांनी डावा हात वर धरला आणि बोटं फाकवली. मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी बेचकं घासलं. पिठासारखं काहीतरी त्यांच्या धोतरावर पडलं. त्यांनी पुन्हा घासलं, पुन्हा पडलं. ज्या माणसानं आम्हाला कुठल्या डावात कुठल्या बोटावर भार येतो ते शिकवलं होतं, त्याला समजावून सांगायची गरजच नव्हती.

"सर्जा," ते म्हणाले. "उचल लेकराला. मला हात लावायला सांगू नगंस. तूच उचल."

सर्जानं पोर उचललं. वस्तादांचे दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले होते. "रोज लावत हुतो रं मी त्याला," ते म्हणाले. "रोज. माज्या हातानं." आणि मग तो पहाडासारखा माणूस तालमीच्या दारात बसून रडला. मीही रडलो. मला वाटलं होतं ते मला मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

मैदानात त्या दिवशी आमच्या तालमीचा एकही पोरगा लढला नाही. वस्ताद एकटे आखाड्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हलगी थांबली. माणसांना वाटलं, सलामी देणार. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"घाटावरल्या तालमीत खरूज हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "कुनी पोरानं आनलेली न्हाई. ती माज्या हातात हाय. माजी पोरं आज कुनाच्या अंगाला लागनार न्हाईत. ज्यांनी माज्याकडनं लेकरांस्नी तेल लावून घेतलंय, त्यांनी दवाखान्यात जावा."

कुणीतरी हसलं. कडेच्या गर्दीत आबा उभे होते, उघड्या अंगानं. माझी कुस्ती बघायला आले होते. मी त्यांच्याजवळ गेलो तर ते एवढंच म्हणाले, "लई मोठा मानूस हाय रं तुजा वस्ताद. सोडू नगंस त्याला."

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद दवाखान्याच्या बाकड्यावर बायकापोरांच्या रांगेत बसायला लागले. आतून गोळ्या, वरून औषध, आणि खपल्या मऊ करायला एक वेगळं मलम. ते मी लावायचो, हातमोजे घालून. आम्ही सगळ्यांनी पुन्हा एकदा एकाच दिवशी औषध घेतलं, आणि या वेळी उंबऱ्यावर बाटली उरली नाही. सर्जाच्या पोराला मॅडमनी निराळं मलम दिलं. पुड्या हळूहळू तोडल्या, तसे वस्तादांचे गुडघे ठणकायला लागले आणि ते मॅडमना दाराआडून शिव्या द्यायचे. मॅडमना ऐकू जायचं. त्या हसायच्या.

थरांमागून थर निघाले. महिनाभर चाललं ते. आणि खालून जे हात निघाले ते गुलाबी आणि मऊ होते, सर्जाच्या पोराच्या टाचेसारखे. आम्हाला आनंद झाला. वस्तादांना नाही झाला. ते हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून बसायला लागले. डाव तोंडानं सांगायचे. पेठेतल्या बायका पुन्हा लेकरं आणायला लागल्या, तर म्हणायचे, "सर्जाकडं द्या."

हात बरे झाल्यावर ते एकदा एकटेच कुठंतरी गेले आणि परत आले ते खांद्यावर काळं घोंगडं घेऊन. आमच्या तळावर जाऊन आले होते. आबांना काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. घोंगडं माझ्या वळकटीवर टाकलं आणि म्हणाले, "जप ह्येला. आनि तळाचं नाव काढायचं न्हाई आता."

पुढच्या वर्षी म्हसोबाच्या जत्रेत माझी कुस्ती पुन्हा लागली. आम्ही मारुतीपुढं रांगेत उभे राहिलो. मी पहिला होतो. वस्ताद कोनाड्यापाशी उभे होते, हात सोग्यात. नुसती मान हलवून म्हणाले, "जा. जपून खेळ."

मी हललो नाही.

"जा की."

"हात द्या, वस्ताद."

"हात ऱ्हायल्यात कुठं आता," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले. "मऊ पडल्यात रं. काय लावतोस कपाळाला."

मी सोगा बाजूला केला आणि त्यांचा उजवा हात ओढून बाहेर काढला. त्यांनी थोडा आखडून धरला, मग सोडला. मी तो कपाळाला लावला. उबदार होता. मला तो सोडवेना.

मागून सर्जानं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

"आटप की, बिऱ्या," तो म्हणाला. "माजा नंबर हाय."